आर्सचे धर्मगुरू: संत जॉन मेरी व्हियानी ह्यांचे अल्पचरित्र

महोत्सवाच्या स्मरणिकेत ज्या गोष्टी यावयास पाहिजेत त्या ह्या पुस्तिकेत अन्यत्र आल्याच आहेत. देवळाचा पाया केव्हा घातला, घंटा कोणी अर्पण केली, कोणकोणत्या धर्मगुरूंनी आमच्यामध्ये सेवा केली, हा सर्व हिशेब आनंदाचा आहे. परंतु तो मांडीत असता एक गोष्ट सहज विसरली जाते. ज्यांच्या हातून ही कामे झाली, त्यांपैकी कित्येकांस आपल्या हातून काहीच झाले नाही असे वाटत असेल. म्हणून ह्या पानांवर आम्ही अशा एका धर्मगुरूचे चरित्र सादर करीत आहो, ज्यांस परमगुरू अकरावे पायस ह्यांनी सन १९२५ च्या मे महिन्यात संतपदास चढविले व सन १९२९ मध्ये जगातील सर्व धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते म्हणून नेमिले. आणि तरीसुद्धा ज्यांनी, आपण ह्या कामास नालायक आहो अशा समजुतीने, आपल्या धर्मग्रामातून रात्रीच्या अंधारात तीन वेळा निघून जाण्याचा प्रयत्न केला.

फ्रान्स देशात लिऑन शहरालगत दार्दिली नावाचे गाव आहे. तेथील मात्यू व्हियानी व मारी बेलूझ ह्या शेतकरी दांपत्याच्या पोटी सन १७८६ च्या मे महिन्याच्या ८ व्या तारखेस आमचे चरित्रनायक जन्मास आले, व त्याच दिवशी त्यांस बाप्तिस्मा मिळाला. सहा भावंडांत जाँ-मारी हा चौथा. (गुरुदीक्षा होईपर्यंत आम्ही त्यास एकेरी संबोधणार आहो; वाचकांनी राग मानू नये.) घर खाऊनपिऊन सुखी होते, आणि दारी आलेल्या भिकाऱ्यास विन्मुख पाठवावयाचे नाही अशी त्या घराची रीत होती.

मूल तीन वर्षांचे होते न होते तोच फ्रान्सात राज्यक्रांतीचा वणवा पेटला. सरकारने लादलेली शपथ घेण्यास जे धर्मगुरू कबूल झाले नाहीत त्यांच्या मागे शिपाई लागले. पुष्कळांस प्राणास मुकावे लागले. जे उरले ते कोणी सुताराचे, कोणी आचाऱ्याचे सोंग घेऊन गुप्तपणे फिरत आणि रात्री एखाद्या कोठारात पवित्र मिस्सा अर्पण करीत. जाँ-मारीने आपले पहिले पापनिवेदन घरातल्या मोठ्या घड्याळाच्या पायथ्याशी केले, कारण देऊळ बंद होते. सन १७९९ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याने एकुली ह्या शेजारच्या गावी एका घरात प्रथम ख्रिस्तप्रसाद ग्रहण केला. मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांची दारे लावून घेतली होती, व त्यांच्यापुढे वाळल्या गवताने भरलेल्या गाड्या उभ्या करून, गवत उतरविण्याचे काम चालले आहे असा देखावा केला होता. धर्मगुरू होण्याची इच्छा ह्या मुलाच्या मनात कोठून आली असे कोणी विचारील तर आम्ही त्या गवताच्या गाड्यांकडे बोट दाखवू.

परंतु इच्छा एक आणि तयारी दुसरी. क्रांतीच्या गोंधळात शाळा बसल्या होत्या. दोन-तीन हिवाळे काय तो शाळेत गेला, एरवी गुरे राखणे, द्राक्षमळ्यात कुदळ मारणे हेच त्याचे शिक्षण. त्याने आपले मनोगत आईस सांगितले, तिला आनंद झाला. वडिलांस सांगितले, त्यांनी नाही म्हटले, कारण घरात हातांची व पैशांची दोहोंचीही ओढ होती. दोन वर्षे अशी गेली. अखेरीस वडील वळले, आणि वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास हा धिप्पाड हातांचा शेतकरी एकुली येथे फादर बाले ह्यांच्या घरी लॅटिनचे व्याकरण घेऊन बसला. हे फादर बाले म्हणजे क्रांतीच्या काळात सुतार बनून हिंडलेल्यांपैकीच एक. त्या काळी धर्मगुरूचे सारे शास्त्र लॅटिन भाषेत असे. लॅटिन नाही तर दीक्षा नाही.

लॅटिन काही केल्या डोक्यात शिरेना. रात्री पाठ केलेले सकाळी नाहीसे होई. सोबतची मुले आठ-दहा वर्षांनी लहान, ती भराभर पुढे जात. त्यांपैकी माथियास लोरास नावाच्या एका हुशार मुलास जाँ-मारीस समजावून देता देता एकदा इतका संताप आला की, त्याने सर्वांदेखत त्याच्या तोंडात मारली. जाँ-मारी त्या पोराच्या पुढे गुडघे टेकून क्षमा मागू लागला. तेव्हा पोरासच रडू कोसळले, आणि दोघांचा जो स्नेह जडला तो जन्मभर टिकला. (हाच लोरास पुढे अमेरिकेत डबूक येथील पहिला बिशप झाला.) क्षमा मागणे सोपे होते, पुस्तक उघडणे कठीण होते. शेवटी एके दिवशी त्याने फादर बाले ह्यांस सांगितले की, मी घरी जातो. गुरूने रागे भरले नाही. त्यांनी इतकेच समजाविले की, तू घरी गेलास तर वडील तुला आनंदाने ठेवून घेतील, पुन्हा पाठविणार नाहीत, आणि मग तुझा बेत व ज्या आत्म्यांसाठी तू झुरतोस ते आत्मे, दोन्हींस रामराम ठोकावा लागेल.

तो घरी गेला नाही. सन १८०६ मध्ये तो पायी निघाला तो ला लुव्हेस्क ह्या डोंगरी गावी, संत जॉन फ्रान्सिस रेजिस ह्यांच्या कबरीकडे. वाट सुमारे शंभर किलोमीटरची. भिक्षा मागून जाईन असा त्याचा नवस होता. परंतु असा धडधाकट तरुण भीक मागताना पाहून लोकांनी त्यास भटक्या चोर समजून हाकलून दिले, आणि तो कित्येक वेळा उपाशी राहिला. तेथे पोहोचून त्याने विद्वत्ता मागितली नाही. दीक्षेपुरते लॅटिन यावे, इतकेच मागितले. परत आल्यावर अभ्यास सोपा झाला काय? नाही, जेमतेम सोसण्याजोगा झाला. आम्हांस ही गोष्ट मोलाची वाटते, कारण नवसाने बुद्धी पालटली अशी कथा रचणे चरित्रकारांस अवघड नव्हते.

सन १८०९ मध्ये नेपोलियनच्या स्पेनमधील लढाईकरिता सैन्यभरतीचा हुकूम आला. चुकीने म्हणा, कशाने म्हणा, धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांस असलेली सूट त्यास मिळाली नाही. तो आजारी पडला. प्रथम लिऑनच्या व मग रोआन गावच्या इस्पितळात राहिला. आणि सन १८१० च्या जानेवारीत, देवळात प्रार्थनेस बसला असता, त्याची पलटण पुढे निघून गेली. वाटेत भेटलेल्या एका माणसाच्या मागून तो ले नोए नावाच्या डोंगरी खेड्यात गेला, आणि तेथे जेरोम व्हिन्सेंट ह्या नावाने लपून राहिला. म्हणजे सरकारच्या दप्तरी तो पळपुटा शिपाई ठरला. हा भाग झाकून ठेवावा असे आम्हांस वाटत नाही. संतांच्या चरित्रास रंगसफेदी लागत नाही. तेथे तो एका विधवेच्या घरी राहून शेतात राबला, मुलांस शिकवीत असे, आणि शिपाई झडतीस आले म्हणजे गवताच्या गंजीत दडे. त्याच वर्षी बादशहाच्या लग्नानिमित्त माफी जाहीर झाली, व धाकटा भाऊ त्याच्या जागी पलटणीत गेला. सन १८११ च्या आरंभी जाँ-मारी घरी परतला, आणि थोड्याच आठवड्यांनी, फेब्रुवारीत, त्याची आई वारली. त्याच्या इच्छेवर प्रथम विश्वास ठेवणारे माणूस ते.

सव्विसाव्या वर्षी तो व्हेरियेर येथील लहान सेमिनरीत दाखल झाला. लॅटिनात अगदीच कच्चे असलेल्या काही विद्यार्थ्यांस तेथे तत्त्वज्ञान फ्रेंच भाषेत शिकवीत, त्यांत ह्याची गणना झाली. पुढे मारिस्ट बंधूंचा संघ स्थापणारे संत मार्सेलिन शांपान्या हेही त्या वेळी तेथेच होते, आणि अभ्यासात त्यांचीही कीर्ती फारशी बरी नव्हती! सन १८१३ मध्ये जाँ-मारी लिऑनच्या मोठ्या सेमिनरीत गेला. तेथे सर्व शिकवणी लॅटिनमध्ये. प्रश्न समजेना, मग उत्तर कोठून येणार? पाच-सहा महिन्यांत वरिष्ठांनी त्यास निरोप दिला.

ह्या ठिकाणी आम्ही वाचकांस क्षणभर थांबण्याची विनंती करतो. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी आमच्या वाड्या-आळ्यांतून काही घरांचे दार दुपारपर्यंत उघडत नाही, हे आम्ही पाहिले आहे. तेथे तर मुले सोळा-सतरा वर्षांची असतात. हा सत्तावीस वर्षांचा, कुटुंबाने खर्च सोसलेला, ज्याच्या जागी भाऊ पलटणीत गेला असा पुरुष आपले गाठोडे घेऊन सेमिनरीच्या दारातून बाहेर पडला. तो तडक आपल्या एका मित्राकडे गेला. हा मित्र ख्रिस्ती शाळांच्या बंधूसंघात दाखल झाला होता. आपणही तेथेच जावे, बंधूस लॅटिन लागत नाही, असा त्याचा विचार झाला. तो मार्ग वाईट होता असे नव्हे. परंतु जाँ-मारीस तो ओढीने नव्हे तर भीतीने सुचला होता, आणि फादर बाले ह्यांनी ते तत्काळ ओळखिले. त्यांनी त्यास पुन्हा आपल्या टेबलाशी बसविले.

थोड्या महिन्यांनी परीक्षा झाली. परीक्षक मंडळापुढे उभा राहताच त्याचे उरलेसुरले लॅटिनही पळाले, आणि मंडळाने त्याची शिफारस केली नाही. आता फादर बाले स्वतः लिऑनला गेले, व त्यांच्या आग्रहावरून परीक्षक एकुलीस त्यांच्या घरी आले. त्या ओळखीच्या खोलीत त्यांनी जाँ-मारीस त्याच्या मातृभाषेत प्रश्न विचारिले. उत्तरे समाधानकारक मिळाली. ह्यावरून आमचे मत असे झाले आहे की, तो मंदबुद्धी होता हे जे सर्रास सांगतात ते खरे नव्हे. त्यास शाळा उशिरा मिळाली आणि परक्या भाषेत मिळाली. शास्त्राचा अर्थ त्यास कळत होता. व्हिकर जनरल कुर्बों ह्यांच्यापुढे प्रकरण गेले, तेव्हा त्यांनी विद्यार्थी भाविक आहे काय, जपमाळ करतो काय, एवढीच विचारपूस करून बाकीचे देवाच्या कृपेवर सोपविले. फादर बाले त्या वेळी आजारी व वृद्ध होत चालले होते. एका विद्यार्थ्यावर त्यांनी खर्च केलेली ही वर्षे कोणाच्या अहवालात आली असतील असे वाटत नाही.

लिऑनचे आर्चबिशप हे नेपोलियनचे मामा; त्या धामधुमीत ते परागंदा झाले होते. म्हणून दीक्षेकरिता ग्रनोबल शहरी जावे लागले. ऑगस्टच्या उन्हात सुमारे शंभर किलोमीटर वाट तो एकटाच चालला. नेपोलियनचा पाडाव होऊन ऑस्ट्रियाचे सैन्य मुलखात पसरले होते, व वाटेत शिपायांनी त्यास अडवून दटाविले. सन १८१५ च्या ऑगस्टच्या १३ व्या तारखेस, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याचा धर्मगुरू म्हणून अभिषेक झाला. त्या दिवशी दीक्षार्थी तो एकटाच होता.

येथून पुढे आम्ही त्यांस फादर व्हियानी म्हणू. ते एकुलीस फादर बाले ह्यांचेच मदतनीस म्हणून गेले. पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार वरिष्ठांनी त्यांस लगेच दिला नाही, इतका त्यांच्या शास्त्रज्ञानाविषयी संशय होता. तो मिळाल्यावर त्यांच्यापुढे पहिल्याने गुडघे टेकले ते त्यांच्या गुरूनेच. सन १८१७ च्या डिसेंबरात फादर बाले शिष्याच्या हातून अंत्यसंस्कार घेऊन देवाघरी गेले, आणि पुढील फेब्रुवारीत फादर व्हियानींची नेमणूक आर्स ह्या कोपऱ्यातल्या खेड्यात झाली. वस्ती सुमारे २३० माणसांची. तो स्वतंत्र धर्मग्रामही नव्हता. धुक्यात वाट चुकली, ती मेंढ्या राखणाऱ्या एका मुलाने दाखविली. त्या जागी आज दोघांचा पुतळा उभा आहे.

आर्सचे लोक दुष्ट नव्हते, उदासीन होते. रविवारी शेतात नांगर चाले, पिण्याची दुकाने भरत, देऊळ रिकामे राही. नव्या धर्मगुरूंनी आपली गादी गरिबांस देऊन टाकली, आठवड्याचे बटाटे एकदाच उकडून ठेवले, बुरसले तरी तेच खाल्ले, आणि पहाटेपासून देवळात बसून राहिले. (उतारवयात ह्या कडक उपासांस ते स्वतःच तारुण्यातील वेडेपणा समजत, वाचकांनीही अनुकरण करू नये.) प्रवचन म्हणजे त्यांस शिक्षा वाटे. कित्येक रात्री ते देवळातील वस्त्रांच्या खोलीत उभ्याउभ्या लिहीत व लिहिलेले घोकीत. आणि रविवारी भर प्रवचनात शब्द हरवला म्हणजे तसेच खाली उतरत. पुढच्या रविवारी पुन्हा चढत. दारूची दुकाने एकेक करून बंद पडली, परंतु त्यास वर्षे लागली. गावातील नाचतमाशे थांबण्यास त्याहूनही अधिक.

ह्या काळात त्यांच्याविषयी वाईटसाईट बोलले गेले, त्यांच्या शीलावरही शिंतोडे उडाले. सन १८२० मध्ये त्यांची बदली ठरली. पण साओन नदीस पूर आला, सामान पलीकडे जाईना, तेवढ्यात गावकऱ्यांनी वरिष्ठांकडे धाव घेऊन बदली रद्द करविली. सन १८२४ मध्ये त्यांनी गावच्या मुलींकरिता मोफत शाळा काढली व ती कातेरिन लासान्य आणि दुसरी एक अशा दोघी गावच्याच तरुणींच्या हवाली केली. पुढे ती अनाथ मुलींचे घर झाली. ह्या घराची कोठी कधीकधी रिकामी पडे, पण दार बंद झाले नाही. तथापि सन १८४७ मध्ये ती संस्था त्यांच्या मनाविरुद्ध एका सिस्टरांच्या संघाकडे सोपवावी लागली. आपले सर्वांत आवडते काम दुसऱ्याच्या हाती जाताना त्यांनी पाहिले.

लोक आता दुरून येऊ लागले. सन १८५५ च्या सुमारास वर्षाकाठी वीस हजार यात्रेकरू येत, आणि लिऑनच्या रेल्वेस्थानकावर आर्सच्या तिकिटांची वेगळी खिडकी ठेवावी लागली. ज्यांस पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार देताना वरिष्ठ कचरले होते, ते उन्हाळ्यात दिवसाचे सोळा-सोळा तास पापनिवेदन ऐकत, मध्यरात्री उलटताच कंदील घेऊन देवळात शिरत. भोवतालच्या काही धर्मगुरूंस हे रुचले नाही. अर्धशिक्षित मनुष्य लोकांस नादी लावतो, त्यास काढावे, अशा आशयाचा एक अर्ज सह्यांकरिता फिरविण्यात आला. तो चुकून फादर व्हियानींच्याच हाती पडला. त्यांनी वाचला, मजकूर खरा आहे असे पाहून खाली आपली सही केली, व तो पुढे पाठवून दिला.

ही गोष्ट विनोदाची म्हणून सांगतात; आम्हांस ती तशी वाटत नाही. त्यांनी खरोखरच सही केली. सेमिनरीच्या दारात त्यांस जी भीती भेटली ती त्यांना सोडून गेली नव्हती. उलट दीक्षेनंतर तिचे रूप अधिक भयंकर झाले. पूर्वी परीक्षेत नापास होण्याची भीती होती, आता एवढ्या आत्म्यांचा हिशेब देताना नापास होण्याची. आपली खरी योग्यता दिसावी अशी प्रार्थना त्यांनी एकदा केली, आणि जे दिसले ते पाहून इतके हादरले की, ते ज्ञान कमी कर अशी देवाजवळ पुन्हा याचना करावी लागली. एकांतात जाऊन प्रायश्चित्त करावे म्हणून बिशपकडे त्यांनी कितीदा तरी विनंती केली. बिशप देव्ही ह्यांनी दरवेळी नाकारिली. मान मिळाले त्यांचे त्यांस काहीच वाटले नाही. सन १८५२ मध्ये नव्या बिशपांनी त्यांच्या खांद्यावर मानाचे वस्त्र घातले, ते त्यांनी लागलीच पन्नास फ्रँकांस विकून पैसे गरिबांस दिले.

सन १८४० च्या सुमारास एका रात्री ते एकटेच गाव सोडून निघाले. वाटेवरच्या एका क्रुसापाशी थांबले, विचार केला, आणि पहाटेपूर्वी परत आले. सन १८४३ मध्ये मोठे दुखणे येऊन ते मरता मरता वाचले; त्या सप्टेंबरात पुन्हा रात्री निघून दार्दिलीस भावाच्या घरी गेले. दोन दिवसांत यात्रेकरू तेथेच लोटले. मग जवळच्या दुसऱ्या एका ठिकाणी मिस्सा अर्पण करून त्यांनी मनाशी निर्णय केला व आर्सला परतले. गावात घंटा वाजल्या आणि मळणी करणारे लोक काम टाकून धावत आले. तिसऱ्या खेपेस, सन १८५३ च्या सप्टेंबरात, वय सदुसष्ट असता, ते पुन्हा मध्यरात्री निघाले. मदतनीस फादर तोकानिये ह्यांस सुगावा लागला होता. धोक्याची घंटा झाली. आग लागली असे समजून कोणी बादल्या, चोर आले असे समजून कोणी काठ्या घेऊन धावले. नाल्याजवळ त्यांस गाठले. तोकानिये ह्यांनी त्यांचे नित्यप्रार्थनेचे पुस्तकच काढून घेतले, स्त्रिया रडू लागल्या, दूरवरून पापनिवेदनास आलेले यात्रेकरू गुडघे टेकून वाटेत बसले. म्हातारे धर्मगुरू काही वेळ उभे राहिले, आणि मग त्या लोकांच्या मधून देवळाकडे चालू लागले. त्या दिवशीही ते पापनिवेदन ऐकण्यास बसले.

ह्यानंतर सहा वर्षे गेली. सन १८५९ च्या जुलैत फ्रान्सात असह्य उन्हाळा पडला. २९ तारखेपर्यंत त्यांनी नेहमीप्रमाणे देवळातले काम केले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना उठवेना. मरणाचे ज्यांना जन्मभर भय वाटले, ते आता शांत पडून होते. पाहणाऱ्यांस ह्याचेच नवल वाटले. बिशप घाईघाईने येऊन भेटून गेले. ऑगस्टच्या ४ तारखेस पहाटे दोन वाजता त्यांनी देह ठेविला. त्या शेवटच्या दिवसांत, खोलीत थोडा गारवा राहावा म्हणून आर्सच्या लोकांनी त्यांच्या घरावर कापडे पसरली होती; शिड्या लावून, विहिरीचे पाणी आणून, ती कापडे ते तासातासाने भिजवीत होते.